लेन्स उलटी फिरते तेव्हा

2009 साली भाईंदरहून चर्चगेट लोकल पकडली, फोर्टातल्या बोरा बाजारात गेलो आणि निकॉनचा डी90 घेऊन भाईंदरमधल्या इंद्रलोकला परतलो. निकॉनच का? लग्नाच्या ऑर्डरी घेणारे जे दोघे मला हाताशी घेत होते, त्यांच्याकडे निकॉन होता म्हणून. त्यांची लेन्स माझ्या कॅमेऱ्याला बसायची. धंद्यात नव्यानं उतरलेल्या मुलाला याहून मोठा आधार नव्हता. एकाची 70-200 दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्याचा फ्लॅश तिसऱ्याच्या कॅमेऱ्यावर, अशी आम्हा तिघांची किती लग्नं पार पडली त्याची मोजदाद नाही.

2015 मध्ये डी750 घेतला, फुल फ्रेम. डी90 सोबत आलेली 18-105 त्यावर लावली तर चित्राचा मधलाच तुकडा मिळायचा. ब्रँड तोच राहिला तरी सगळं सामान आपल्याबरोबर पुढे येत नाही, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. जुन्या बाजारातून घेतलेली 85 मिलिमीटरची डी लेन्स मात्र डी750 वर अशी काही खुलली की अंतरपाटाच्या क्षणी मी दुसरी लावतच नसे.

मग 2018 उजाडलं. फेब्रुवारीत सोनीचा ए7 III आला, ऑगस्टमध्ये निकॉनचे झेड6 आणि झेड7, सप्टेंबरमध्ये कॅनॉनचा ईओएस आर. सगळे मिररलेस. लग्नवाल्यांनी पहिल्यांदा काय पाहिलं असेल, तर कार्डाचे खाचे. सोनीत दोन होते, निकॉन आणि कॅनॉनच्या त्या नव्या कॅमेऱ्यांत एकच. कार्ड दगा देऊ शकतं आणि लग्न पुन्हा लावता येत नाही. पुढच्याच वर्षी सोनीच्या फर्मवेअरनं डोळ्यावरचा फोकस फारच पक्का केला. आमच्या तिघांतला एक त्याच वर्षी सोनीवर गेला, आणि त्याचा निर्णय मला आजही योग्य वाटतो.

मीही दुसऱ्या ब्रँडचा एक मिररलेस एका लग्नासाठी भाड्यानं आणला. सप्तपदीला शटरचा आवाज नाही, गुरुजींचं लक्ष विचलित होत नाही. फार सुखाचं काम झालं. पण मंगलाष्टकं संपत आली तेव्हा लेन्स बदलायला घेतली आणि ती बसेना. निकॉनची लेन्स ज्या दिशेला फिरवून लॉक होते, त्याच्या उलट कॅनॉन आणि सोनीची होते. दहा वर्षं मनगटाला एकच वळण लागलेलं. मी उलटं फिरवत राहिलो, अक्षता पडल्या, अंतरपाट खाली आला. वधूनं वर पाहिलं तो क्षण माझ्याकडे नाही. त्या कुटुंबाला मी तो कधीच देऊ शकणार नाही, याची बोच अजून आहे.

त्या रात्री वहीत ब्रँड बदलायचा हिशेब मांडला. चार लेन्सा, दोन फ्लॅश, ट्रिगर. विकायला काढलं तर निम्मेही पैसे येत नव्हते. डी750 साठी विचारणारा प्रत्येक जण आधी शटर काउंट विचारायचा. वहीत न मावणारा खर्च मनगटाचा होता, आणि मांडवात शेजारून मिळणाऱ्या लेन्सचा.

असे घाव फोटोग्राफरांनी आधीही सोसलेत. 1987 मध्ये कॅनॉननं ईएफ माऊंट आणला आणि जुन्या एफडी लेन्सा त्यावर बसेनाशा झाल्या. 2006 मध्ये कोनिका मिनोल्टा कॅमेऱ्याच्या धंद्यातूनच बाहेर पडली आणि तो वारसा सोनीकडे गेला. म्हणजे कधीकधी आपण ब्रँड सोडत नाही, ब्रँडच आपल्याला सोडतो.

2020 मध्ये लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली, ऑर्डरी आटल्या, खरेदी आपोआप लांबली. त्याच ऑक्टोबरात दोन खाचांचा झेड6 II जाहीर झाला. पुढच्या वर्षी मी तो घेतला, सोबत एफटीझेड ॲडॉप्टर. जुन्या माऊंटवर लेन्स आणि सेन्सरमधलं अंतर साडेशेहेचाळीस मिलिमीटर, नव्यावर सोळा. मधली साडेतीस मिलिमीटरची पोकळी ते कडं भरून काढतं. माझ्या तीन लेन्सा त्यावर पहिल्या दिवसापासून चालल्या. 85 ची मात्र ऑटोफोकसची मोटर लेन्समध्ये नसून जुन्या बॉडीत असते. ती ॲडॉप्टरवर हातानंच फोकस करावी लागते.

आता इंद्रलोकमधली नवी मुलं विचारतात, सोनी घेऊ की कॅनॉन? ज्याच्याकडे एक बॉडी आणि किट लेन्सच आहे, त्यानं खुशाल बदलावं. त्याचं जातंच काय! पण तुमच्या बॅगेत चार लेन्सा असतील तर आधी दुसरा ब्रँड भाड्यानं आणा, आणि लग्नाला नव्हे, जेसल पार्कच्या खाडीकाठी न्या. उडत्या बगळ्यांमागे दोन सकाळी घालवा, अंधुक उजेडात न बघता लेन्स बदला.

डी750 मी विकला नाही. 85 त्याच्यावरच कायमची बसलेली असते. मंगलाष्टकं सुरू झाली की झेड खांद्याला टांगतो आणि तो हातात घेतो.