तुफान सेना : कुंडलच्या पोरांची फौज

आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात असलेलं कुंडल स्वातंत्र्यापूर्वी औंध संस्थानात होतं. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते; संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. १९३९ च्या राज्यघटनेनं कारभारही रयतेकडे सोपवला. इंग्रजी मुलखात पोलिसांचा ससेमिरा वाढला, की भूमिगत कार्यकर्त्यांना औंधची हद्द आसरा देई.

क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं, म्हणजे इंग्रजांना न जुमानता चालवलेल्या समांतर सरकारचं, मुख्य ठाणं याच कुंडलात होतं, आणि १९४३ मध्ये त्याची तुफान सेनाही इथंच उभी राहिली. जी. डी. बापू लाड तिचे फील्ड मार्शल, तर रामचंद्र लाड कॅप्टन. गावाचे ते ‘कॅप्टन भाऊ’. भरती शेतकरी-कामगारांच्या पोरांची. गावगुंड आणि दरोडेखोर यांचा बंदोबस्त करायचा, प्रतिसरकारच्या न्यायनिवाड्यामागं बळ उभं करायचं, ही त्यांची कामं.

७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ त्यांनी सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली. रुळांवर पुढं दगड रचले, मग मागं सरकायची वाटही बंद केली. रक्कम घेतली, प्रवाशांना मात्र हात लावला नाही. हाती पैसा आणि हत्यार असताना पोरांना आवरून धरणं, हीच या सेनेची खरी कवायत होती.

कुंडलची पोरं सरकारविरुद्ध उभी राहत होती, त्याच काळात जपानमध्ये उलटं घडत होतं. तिथली १९२२ ची बालवीर (स्काउट) संघटना युद्धकाळात मोडली गेली आणि मुलं सरकारी युवक संघटनेत ओढली गेली. पराभवानंतर बालवीर संघटना पुन्हा उभी राहिली. १९५० मध्ये जागतिक स्काउट संघटनेनं तिला परत सामावून घेतलं.

तुफान सेनेला असा पुनर्जन्म लाभला नाही, आणि त्याची गरजही नव्हती. १९४६ मध्ये प्रतिसरकारचं पर्व संपलं. बापू शेतकरी कामगार पक्षात गेले, आमदार झाले. कुंडलचा सहकारी साखर कारखाना आज त्यांचंच नाव मिरवतो. जपानी बालवीरांना युद्धकाळात मोडलेली आपली संघटना पुन्हा उभी करावी लागली. कुंडलच्या पोरांची सेना सरकारविरुद्धच जन्मली होती. परकं सरकार जायची वेळ आली तशी ती विसर्जित झाली. फौज उभारण्याइतकंच ती वेळेवर मोडणं अवघड असतं. कुंडलनं दोन्ही करून दाखवलं.