इंजिन थांबतं आणि आळ येतो कंट्रोलरवर

मॉडेल रेल्वेचं इंजिन चार फेऱ्या झकास मारतं आणि मधेच थांबतं. थोड्या वेळाने आपोआप निघतं, पुन्हा थांबतं. मग घरात निकाल लागतो, ‘कंट्रोलर गेला!’ माधवनगर, सांगली, मिरज या पट्ट्यात हा छंद असलेली मंडळी मोजकीच आणि या कामाचं खास दुकान हाताशी नसतं. त्यामुळे कंट्रोलर मिक्सर-पंखेवाल्याकडे जातो. तिथे तो ठणठणीत निघतो. तरीही नवा मागवला जातो, त्यावरही इंजिन थांबतं आणि शेवटी सगळा संच माळ्यावर जातो. चांगली इंजिनं अशी धूळ खात पडलेली पाहिली की जीव तुटतो, कारण बहुतेक वेळा दोष पाच-दहा रुपयांचाही नसतो.

इंजिन थांबण्याच्या दोन अगदी वेगळ्या तऱ्हा आहेत. पहिलीत इंजिनापर्यंत वीज पोहोचतच नाही. दुसरीत गरजेपेक्षा जास्त वीज ओढली जाते आणि कंट्रोलर स्वतःहून पुरवठा तोडतो. बोटाने हलकेच ढकललं की इंजिन चालायला लागलं, तर पहिली तऱ्हा. ढकलूनही हललं नाही, पण मिनिटा-दोन मिनिटांनी कुणी हात न लावता निघालं, तर दुसरी. एवढं ओळखता आलं की निम्मं काम झालं.

‘सारखा ट्रिप होतो म्हणजे कंट्रोलर कमकुवत आहे’ हा सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज. खरं तर ट्रिप होणारा कंट्रोलर आपलं काम चोख करत असतो. एचओ मापाच्या, म्हणजे १:८७ प्रमाणाच्या इंजिनाला १२ व्होल्ट डीसी लागतो आणि आजकालची इंजिनं साधारण पाव ते अर्धा अँपिअर घेतात. साध्या कंट्रोलरची क्षमता एक अँपिअरच्या आसपास असते. त्यापुढे प्रवाह गेला की आतला कट-आउट सुटतो. बऱ्याच कंट्रोलरमध्ये हा कट-आउट उष्णतेवर चालतो: जास्त प्रवाहाने तापला की जोड सुटतो, निवला की पुन्हा लागतो. ‘आपोआप बंद, आपोआप सुरू’ यामागे एवढंच असतं. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे खोलीच तापलेली असते, तेव्हा असा कट-आउट थोड्या कमी प्रवाहालाही सुटतो. बंद कपाटात किंवा गादीवर ठेवलेला कंट्रोलर उन्हाळ्यातच का रुसतो, याचं उत्तर इथे आहे.

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे लॅपटॉपचा जुना चार्जर. ‘जास्त अँपिअरचा आहे, बंद पडणार नाही.’ हे करू नका. मोटर आपल्याला हवा तेवढाच प्रवाह घेते, चार्जरवर छापलेले अँपिअर तिच्यात कोंबले जात नाहीत. म्हणून जोमदार चार्जरने चांगल्या इंजिनाचा काही फायदा होत नाही. पण शॉर्ट असेल तर तोच चार्जर तीन-चार अँपिअर त्या शॉर्टमध्ये ओततो. चाकांजवळच्या बारीक वायरी लाल होतात आणि प्लास्टिकचे स्लीपर वितळतात. शिवाय असे चार्जर बहुधा १९ व्होल्टच्या आसपासचे असतात, १२ व्होल्टच्या मोटरला तेही सोसत नाही.

शॉर्ट शोधायचा तर आधी इंजिन, डबे, सगळं रुळांवरून उचला आणि कंट्रोलर चालू करा. तरीही ट्रिप होत असेल तर दोष रुळांत: दोन रुळांवर आडवी पडलेली टाचणी, उलटी जोडलेली वायर, वाकलेला जोड. रिकाम्या रुळांवर कंट्रोलर शांत राहिला तर इंजिन उलटं करून स्पंजवर ठेवा आणि कंट्रोलरच्या दोन वायरी चाकांना टेकवा. या तपासणीत मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॉटचा बल्ब एका वायरीत मालिकेत जोडून ठेवावा, असा माझा आग्रह आहे. इंजिन चांगलं असेल तर बल्ब मंद राहतो आणि चाकं फिरतात. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि बाकी काही जळत नाही. कारण त्या बल्बमधून पाऊण अँपिअरच्या थोडं वर प्रवाह जाऊच शकत नाही. ठरावीक सांध्यावरच गाडी थांबत असेल तर क्रॉसिंगपाशी वाकून पाहा. चाकांमधलं अंतर बिघडलेलं असलं तर चाक तिथे दोन्ही ध्रुवांच्या पट्ट्यांना एकदम टेकतं आणि क्षणभर ठिणगी दिसते.

‘रुळांवर चाकं बसतात म्हणजे इंजिन चालणार’ हेही खरं नाही. एके काळी मिरज जंक्शनवर ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइट रेल्वेची ७६२ मिलिमीटरची नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या दिसत. ते पाहत वाढलेल्या माणसाला ‘गेज जुळलं की झालं’ असं वाटणं स्वाभाविक आहे. मॉडेलमध्ये मात्र गेज जुळूनही वीज जुळत नाही. जर्मनीच्या मार्कलिन कंपनीचं एचओ इंजिनही १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर नेमकं बसतं, पण त्याची पद्धत तीन रुळांची. मधल्या टोकांवरून वीज घ्यायची आणि बाहेरचे दोन्ही रूळ एकच. त्यामुळे त्याची डावी-उजवी चाकं एकमेकांपासून विजेने तोडलेली नसतात. दोन रुळांच्या डीसी मार्गावर ते ठेवताक्षणी शॉर्ट होतो. इंजिनही चांगलं, कंट्रोलरही चांगला, फक्त जोडी चुकीची.

आता पहिली तऱ्हा, वीज न पोहोचण्याची. ‘रूळ चकचकीत आहेत’ याने काही सिद्ध होत नाही. निकेल-सिल्व्हरच्या रुळांत चांदी नसतेच. ते तांबं, जस्त आणि निकेल यांचं मिश्रण असतं आणि त्यावर काळपट थर साचतो. तो काढायला पॉलिश पेपर घासला की रूळ त्या दिवशी चमकतात, पण बारीक चरे पडतात आणि पुढची घाण त्यांत पक्की बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं सुती फडकं पुरतं. चाकंही त्यानेच पुसा. फक्त काही चाकांवर काळी रबरी कडी असते, ती पकड वाढवण्यासाठी, वीज घेण्यासाठी नव्हे. ती चाकं वगळली तर वीज घेणारी चाकं कमीच उरतात. म्हणून एखाद्या डागावरही इंजिन अडतं.

मल्टीमीटर असणारे इथेच फसतात. ‘टोकाला १२ व्होल्ट दाखवतोय, मग रूळ ठीक!’ मीटर जवळपास काहीच प्रवाह घेत नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. इंजिन त्या तुकड्यावर चालत असताना, म्हणजे लोडवर मोजा. ११ चे ६ झाले तर रुळांचा मधला जोड सैल आहे. तो पक्कडीने दाबा किंवा तिथे वायरीचा डाग द्या. कंट्रोलरपासून लांबच्या टोकाला इंजिन मंदावतं तेही बहुतेक यामुळेच.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. माधवनगरचं नाव सूत आणि यंत्रमागांशी जोडलेलं आहे. मागाजवळच्या घरात हवेत तूस असतं. गाडी फरशीवर किंवा सतरंजीवर मांडली की ते चाकांच्या आसाभोवती गुंडाळलं जातं. गिअरमध्ये तूस घट्ट झालं की मोटरवर लोड येतो, प्रवाह वाढतो आणि कट-आउट सुटतो. आस उजेडात धरून बारीक चिमट्याने धागा धागा ओढला तर आश्चर्य वाटावं इतका गुंता निघतो. त्यावर तेल सोडणं हा उपाय नव्हे. शिलाई मशीनचं तेल एका आसाला सुईच्या टोकाएवढंच. जास्त झालं की ते कॉम्युटेटरवर पोहोचतं, कार्बनच्या भुकटीशी त्याचा काळा चिखल होतो आणि मोटर आणखी प्रवाह ओढते.

जुन्या, पन्नास-साठ वर्षांच्या इंजिनांत लोहचुंबक उतरलेलं असू शकतं. चुंबक कमजोर झालं की मोटर कमी नव्हे, जास्त प्रवाह घेते आणि तापते. इंजिन थंड असताना उत्तम चालून दहा मिनिटांनी ट्रिप होत असेल, आस साफ असतील, तर चुंबकावर संशय घ्या.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या संचाची गोष्ट निराळी. तिथला ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा, आपलं घर २३० व्होल्टचं. फक्त पिनचा अडॅप्टर बदलून तो लावला तर कट-आउटची वाट न पाहता जळू शकतो. आधी कंट्रोलरच्या मागची पट्टी वाचा. तिथे फक्त १२० असेल तर २३० चे ११० करणारा, पुरेशा वॉटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा किंवा आपल्याकडचा १२ व्होल्टचा कंट्रोलर घ्या. इंजिनाला मात्र हात लावायची गरज नाही. दोन रुळांचं साधं डीसी इंजिन तिथेही १२ व्होल्टवरच चालतं.