चिनी जोडीदाराचा जन्मदाखला आणि त्याच्या नकला

अमेरिकन नागरिकाने चिनी स्त्रीशी अथवा पुरुषाशी विवाह केला, म्हणजे संसाराच्या आरंभीच एका कागदाचा शोध सुरू होतो. तो कागद म्हणजे चिनी जोडीदाराच्या जन्माचा दाखला. कायम वास्तव्याच्या अर्जास तो हवा, व्हिसाच्या मुलाखतीस तो हवा, आणि पुढेही प्रसंगोपात्त तो पुन्हा पुन्हा मागितला जातो. एकाच प्रतीवर विसंबून राहिलेल्या जोडप्यास मग सातासमुद्रापलीकडच्या गावी पत्रव्यवहार करीत बसावे लागते. जादा नकला आधीच घेऊन ठेवणे म्हणूनच श्रेयस्कर. पण त्या मिळतात कोठून, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही.

आपल्याकडे नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जन्माची नोंद असली की शुल्क भरून हव्या तितक्या नकला काढता येतात. चीनमध्ये ही रीत नाही. सबंध देशास एकाच नमुन्याचे जन्माचे वैद्यकीय प्रमाणपत्र तेथे १ जानेवारी १९९६ पासून सुरू झाले. तेही एका बालकास एकदाच मिळते. हरवल्यास ते पुन्हा मिळविण्याचा स्वतंत्र विधी आहे, परंतु त्याच्या चारदोन प्रती मागण्याची सोय नाही. त्यापूर्वी जन्मलेल्यांचा आधार म्हणजे 'हुकोउ', अर्थात कुटुंबाची नोंदवही. १९५८ च्या नियमांनी ही नोंदणी देशभर दृढ झाली. या वहीत माणसाचे नाव, जन्मतारीख, कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते इत्यादी तपशील पोलीस ठाण्याच्या शिक्क्यासह आढळतो.

मग परदेशास काय दाखवावयाचे? त्यासाठी नोटरी कचेरीचे जन्मविषयक प्रमाणपत्र काढावे लागते. अमेरिकन वकिलात चिनी अर्जदाराकडून हेच प्रमाणपत्र अपेक्षिते. आपल्याकडील नोटरी वकिलाच्या टेबलाशी बसून शिक्का मारणारा. चीनमधील नोटरी कचेरी मात्र कायद्याने स्थापिलेली संस्था आहे, व २००६ च्या मार्चपासून तिचा कारभार स्वतंत्र नोटरी कायद्यान्वये चालतो. ही कचेरी कुटुंबाची वही, ओळखपत्र, वैद्यकीय प्रमाणपत्र असल्यास ते, नसल्यास पोलीस ठाण्याचा वा आईवडिलांच्या नोकरीच्या ठिकाणचा दाखला, असे पुरावे तपासते आणि नाव, लिंग, जन्मदिनांक, जन्मस्थान व मातापित्यांची नावे नमूद करून एक शिवलेली पुस्तिका देते. मूळ चिनी मजकुराबरोबर इंग्रजी भाषांतरही तीतच असते.

नकलांची गोष्ट येथेच येते. अर्ज करतानाच 'इतक्या प्रती हव्यात' असे सांगितले, तर कचेरी तितक्या पुस्तिका प्रत्येकीवर स्वतंत्र शिक्का मारून देते, आणि जादा प्रतीचे शुल्क मूळ शुल्काच्या मानाने थोडके असते. तीच प्रत वर्षभराने मागावयाची झाली, तर बहुधा पुन्हा अर्ज, पुन्हा कागद, पुन्हा हेलपाटे. जोडीदार आधीच परदेशी गेला असेल, तर चीनमधील आप्ताच्या नावे मुखत्यारपत्र करून द्यावे लागते. आईवडील हयात आहेत, पोलीस ठाण्यातले जुने कागद शाबूत आहेत, तोवर हे काम उरकून घेण्यात शहाणपणा आहे. एकदा गाव सुटले, घरातील वडीलधारी माणसे गेली, की पुराव्याचे धागेच तुटतात.

मात्र प्रत्येक ठिकाणी मूळ पुस्तिकाच द्यावी लागते असे नाही. अमेरिकेत राहून कायम वास्तव्याचा अर्ज करणाऱ्याने साधी छायाप्रत जोडली तरी चालते, किंबहुना मागितल्यावाचून मूळ कागद पाठवूच नये. तो परत येईल याची हमी नसते. जोडीदार चीनमध्येच असेल, तर स्थलांतराच्या व्हिसाची मुलाखत ग्वांगझौ येथील अमेरिकन वकिलातीत होते व तेथे मूळ कागद समोर ठेवावा लागतो. इतर कामांसाठी परराष्ट्र खात्याची मोहोर लागल्यास पूर्वी वकिलातींच्या साखळीतून जावे लागे. ७ नोव्हेंबर २०२३ पासून चीनला हेग येथील अपॉस्टिल करार लागू झाल्याने अमेरिकेपुरती ही साखळी सुटली आहे.

कागदाविषयी एवढा काटेकोरपणा का, याचे उत्तर इतिहासात सापडते. अमेरिकेने १८८२ साली चिनी मजुरांना कायद्याने दार बंद केले. १९०६ च्या भूकंपात व त्यामागून लागलेल्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोच्या जन्मनोंदी जळून गेल्या, तेव्हा अनेक चिनी रहिवाशांनी आपला जन्म तेथलाच असल्याचे सांगितले, आणि कागदावरच्या मुलांच्या नावे तिसऱ्याच घरचे तरुण येऊ लागले. एंजल बेटावर मग त्यांची तासन्‌तास उलटतपासणी होई. घरास पायऱ्या किती, विहीर कोणत्या बाजूस, असले प्रश्न विचारले जात. बंदीचा कायदा १९४३ मध्ये रद्द झाला, पण वर्षाला प्रवेश मिळे तो अवघ्या १०५ जणांना. अमेरिकन नागरिकांच्या चिनी पत्नींना या मर्यादेतून १९४६ मध्ये वगळण्यात आले. तेव्हापासून नात्याचा कागद हाच खरा परवाना ठरला.

दुसरी अडचण चीनमधलीच. एका अपत्याच्या धोरणाच्या काळात जन्मलेल्या कित्येकांची नोंदच झाली नाही. २०१० च्या जनगणनेत असे नोंदणीविरहित लोक सुमारे १ कोटी ३० लाख निघाले. त्यांची नोंद करून घेण्याचे आदेश सरकारने २०१६ च्या जानेवारीत काढले. अशा माणसाची नोंद जन्मानंतर कित्येक वर्षांनी झालेली असते, आणि उशिरा झालेली नोंद पाहिली की अधिकारी अधिक पुरावा मागतो. लसीकरणाचे कार्ड, शाळेचे कागद, आप्तांची प्रतिज्ञापत्रे हे सारे मग कामास येते.

ज्येष्ठांच्या बाबतीत चांद्र तिथी हीच सौर तारीख म्हणून वहीत गेलेली आढळते. नावाच्या रोमन लेखनातही घोळ होतो: मुख्य भूमीवर १९५८ पासून पिनयिन पद्धत आहे, तर हाँगकाँगमधील कागदांवर तेच आडनाव निराळे दिसते. म्हणून पुस्तिका हाती पडताच पारपत्राशी अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहावे, चूक असल्यास कचेरीतच दुरुस्त करून घ्यावी आणि शिवलेली पाने कधीही सुटी करू नयेत.