सुई कोणाच्या हातात?

मण्यांच्या दोन ओळी बसवलेली एक छोटी चौकट आणि शेजारी मिनिटभरात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ. गडचिरोलीतल्या 'सर्च' संस्थेने गावच्या दायांसाठी हे साधन बनवले, कारण त्यांच्यातल्या अनेकींना पन्नास-साठपर्यंत सलग मोजता येत नव्हते. आणि बाळाला न्यूमोनिया आहे की साधी सर्दी, हे खेड्यात श्वास मोजूनच ओळखायचे असते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, त्याहून मोठ्या पण वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त झाले, की धोका. म्हणून युक्ती अशी काढली, की बाळाच्या पोटाकडे बघत राहायचे आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर औषध सुरू. हिशेब मण्यांकडे, नजर बाळाकडे.

महाराष्ट्रातल्या गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्तींची गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांची कहाणी सांगताना मला या चौकटीपासून सुरुवात करावीशी वाटते. 'हा न्यूमोनिया आहे' असे म्हणण्याचा अधिकार तिने निरक्षर बाईला दिला. ग्राम आरोग्यसेविका, जनस्वास्थ्य रक्षक, आरोग्यदूत, आशा अशी नावे बदलत गेली. भांडण मात्र याच अधिकाराचे राहिले. गावातल्या बाईने सांगायचे, नोंदवायचे, नेऊन पोचवायचे एवढेच, की ठरवायचेसुद्धा?

या भांडणाचा पहिला मोठा फड जामखेडला रंगला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली नगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी भागात आले. गावोगावी परिचारिका ठेवाव्यात असा त्यांचा आधीचा बेत होता. तो फसला. शिकलेल्या मुलींना परक्या खेड्यात एकटीने राहणे अवघड, आणि ज्या गेल्या त्यांचे गावाशी जुळेना. मग गावकऱ्यांकडूनच सूचना आली, की आमच्यातलीच एखादी बाई का तयार करत नाही?

ज्या बायका निवडल्या गेल्या त्या शाळेच्या वाऱ्याला उभ्या न राहिलेल्या. बऱ्याचशा दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या, काही विधवा. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, आपापल्या गावात आठवडाभर काय झाले ते सांगायच्या आणि त्यातूनच शिकायच्या. हगवण लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यायचे, गरोदर बाईची तपासणी कशी करायची, अंगावरचा चट्टा कुष्ठरोगाचा आहे का हे कसे पाहायचे, खोकला किती दिवसांचा झाला की टीबीची शंका घ्यायची. आणि सगळ्या जातींच्या बायकांनी एका पंगतीला बसून जेवायचे. हा जेवणाचा भाग वरकरणी अभ्यासक्रमाबाहेरचा वाटतो. माझ्या मते तोच पहिला धडा होता, कारण ज्या बाईला गावात ओसरीवर चढू देत नाहीत, तिने त्याच घरातल्या सुनेच्या पोटाला हात लावून बाळाची स्थिती सांगायची होती. पाण्याच्या हातपंपांचेही तेच. ते दलित वस्तीत बसवले गेले आणि सगळ्या गावाला पाण्यासाठी तिकडे जावे लागले.

या भागातला बालमृत्यूदर १९७१ साली हजारी १७६ होता. तो पुढच्या दोन-अडीच दशकांत तिशीच्या खाली आला. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून माणसे जामखेडला शिकायला येऊ लागली. त्याच्या आदल्या वर्षी, १९७८ मध्ये, तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा इथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा निघाला होता. त्यामागे चीनच्या अनवाणी डॉक्टरांप्रमाणेच जामखेडसारख्या ठिकाणचा अनुभवही होता.

सरकारनेही धडा घेतला, पण घाईत. २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता पक्षाच्या राजवटीत देशव्यापी योजना सुरू झाली. हजार लोकवस्तीमागे एक कार्यकर्ता, तीन महिन्यांचे प्रशिक्षण, महिना ५० रुपये मानधन आणि औषधांची पेटी. निवडले गेले ते बहुतेक पुरुष, गावच्या पुढाऱ्यांच्या मर्जीतले. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने जायचे कसे, हा प्रश्न योजना आखताना कुणाला पडला नसावा. पेटी हाती आल्यावर काहींनी स्वतःचा दवाखानाच मांडला. पुढे नाव बदलले, खर्च केंद्राने करायचा की राज्याने यावर वाद झाला आणि योजना हळूहळू वाळून गेली. तिच्याविषयी यापेक्षा जास्त लिहिण्यासारखे फारसे नाही.

अलिबागजवळच्या मांडव्याची गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. मुंबईतले नामवंत प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांच्या पुढाकाराने तिथे गावातल्या बायकांना आरोग्याचे काम शिकवले गेले. त्यांनी ते चांगले केले. पण औषधे जाणणाऱ्या बायका सरकारी दवाखान्यात काय मिळायला हवे हेही जाणू लागतात. स्थानिक राजकीय विरोध वाढत गेला आणि १९८०च्या दशकात ते काम आवरते घ्यावे लागले. तसेच काम पुढे पुरंदर तालुक्यातल्या परिंचे भागात चालू राहिले.

आता पुन्हा गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली तिथे गेले. न्यूमोनियानंतर त्यांनी नवजात बाळांचा प्रश्न हाती घेतला. तान्ह्या बाळाचा जंतुदोष म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी, काचेच्या पेटीत, बालरोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली बरा करायचा आजार, अशी समजूत होती. गडचिरोलीतल्या आईबापांनी मूल जन्मल्यावर पाचव्या दिवशी बाळंतिणीला घेऊन, पावसात, नाले ओलांडत तिथे पोचायचे कसे? ३९ गावांत आरोग्यदूत नेमल्या गेल्या. त्या बाळंतपणाला हजर राहत, बाळाचे वजन घेत, त्याला ऊबदार ठेवत, गुदमरलेल्या बाळाला श्वास देत. शिकवणीचा गाभा होता जंतुदोष ओळखण्याचा. बाळ आधी चांगले प्यायचे, आता पीत नाही. रडणे क्षीण झाले. हातपाय लुळे पडले. पोट फुगले, उलट्या होतात. अंग थंड लागते किंवा तापले आहे. छाती आत ओढली जाते. अशा ठरावीक खुणांपैकी दोन एकाच वेळी दिसल्या की जंतुदोष समजायचा, घरच्यांना दवाखान्यात न्यायला सांगायचे, आणि ते तयार नसतील तर त्यांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन स्वतः द्यायचे.

निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. प्रयोगापूर्वी त्या गावांत हजारी ६२ नवजात बाळे दगावत होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५च्या आसपास आला. या खुणांमध्ये खास काय आहे, असे वाटेल. पण 'आधी चांगले प्यायचे, आता पीत नाही' हे रुग्णालयात पहिल्यांदाच बाळ बघणाऱ्या डॉक्टरला कळत नाही. ते कळायला काल आणि परवाही त्या घरी जावे लागते. आरोग्यदूताचे निदान उभे होते ते या जाण्यायेण्यावर.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्यातून आशा. छत्तीसगडने त्याआधी २००२ मध्ये पाड्यापाड्यांवर मितानिन नावाच्या आरोग्य कार्यकर्त्या उभ्या केल्या होत्या, त्याचा धागा यात होता. हजार वस्तीमागे एक, शक्यतो त्याच गावची सून, आठवीपर्यंत शिकलेली. आज देशात सुमारे दहा लाख आशा आहेत, महाराष्ट्रात सत्तर हजारांवर. वीसएक आशांमागे एक गटप्रवर्तक. २०११ पासून गडचिरोलीच्या धर्तीवर घरभेटी देशभर सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही.

भेटींचा हा कार्यक्रम देशाने घेतला. सुई मात्र घेतली नाही. २०१४च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दवाखान्यात जाऊ न शकणाऱ्या बाळाला जेंटामायसिन देण्याची मुभा मिळाली ती उपकेंद्रातल्या एएनएम सिस्टरला. सुई एक पायरी वर सरकली. यावरचा आक्षेप पोकळ नव्हे. गडचिरोलीत दर आरोग्यदूतामागे बारीक देखरेख होती. दहा लाख हातांत सुई द्यायची तर ती देखरेख कुठून आणणार? तरीही सिस्टर राहते चार-पाच गावांपलीकडे, तिच्याकडे लसीकरण आहे, शिबिरे आहेत, अहवाल आहेत. रात्री अकराला बाळ प्यायचे थांबले तर दार ठोठावले जाते ते आशाताईचेच.

तिचे खरे काम त्या दारातून आत जाण्याचे आहे, आणि हे कौशल्य कुठल्याच मोड्यूलमध्ये नीट बसत नाही. बाळाचे वजन केले की दृष्ट लागते, असे मानणारी घरे अजून आहेत. चीक जड असतो म्हणून पिळून टाकणारी, बाळाच्या तोंडात मधाचे बोट घालणारी, जन्मल्या जन्मल्या न्हाऊ घालणारी घरेही आहेत. तिथे सासूला बाजूला ठेवून सुनेशी बोलू पाहणारी आशा दुसऱ्या खेपेला ओट्यावरूनच परत फिरते. मुरलेली आशा आधी सासूलाच विचारते, "मावशी, तुमची किती बाळंतपणं झाली?" मग सासूच सांगू लागते, दगावलेल्यांसकट. अर्ध्या तासाने काट्याची झोळी बाहेर येते, आणि बाळाला त्यात ठेवते ती सासू. याला समुपदेशन हा सरकारी शब्द फारच कोरडा आहे. गावात कुणाचे कुणाशी पटते, कोणत्या घरात नवरा पिऊन मारतो, कोणती मुलगी माहेरी येऊन लपून राहिली आहे, हे सगळे तिला ठाऊक असावे लागते आणि त्यातले बरेचसे पोटात ठेवावे लागते. तोंडाची फटकळ आशा कितीही हुशार असली तरी टिकत नाही.

या सगळ्याचा हिशेब मात्र नगावर होतो. नवजात बाळाच्या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये. ठरलेल्या नेहमीच्या कामांसाठी केंद्राकडून महिन्याला आधी १०००, मग २०१८ मध्ये २००० झाले. बाकी प्रत्येक कामाला वेगळा दर, वेगळा पुरावा, वेगळी सही. दरपत्रकात जे नाही ते काम व्यवस्थेला दिसत नाही. सासूशी घालवलेल्या अर्ध्या तासाला दर नाही. घरचे नको म्हणतात म्हणून चार वेळा परत गेलेल्या खेपेला नाही. दर ठरवणाऱ्यांनी वाईट हेतूने असे केले, असे मी म्हणणार नाही. मोजता येते तेवढ्याचेच पैसे देण्याची सरकारी सवय जुनी आहे. परिणाम इतकाच, की पैसे पोचवण्याचे आणि नोंदवण्याचे मिळतात, ओळखण्याचे मिळत नाहीत.

कोरोनाच्या काळात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत थर्मल गन आणि ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरणाऱ्यांत आशा होत्या. २०२१च्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या, २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा सन्मान केला, आणि २०२३ मध्ये राज्यातल्या आशा पुन्हा संपावर. २०२४च्या मार्चमध्ये राज्याने मानधनात ५००० रुपयांची वाढ करणारा निर्णय काढला. मोर्चा, सन्मान, मोर्चा असा हा क्रम. कामगार मानायचे की स्वयंसेविका, हा मूळ प्रश्न त्यात आहे तिथेच राहिला. मुंबई महापालिकेच्या झोपडपट्ट्यांत काम करणाऱ्या आरोग्य स्वयंसेविकांनी हाच प्रश्न घेऊन वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत.

दरम्यान गावचे आजार बदलले. आशाच्या यादीत आता तिशीच्या वरचा प्रत्येक माणूस आहे. तंबाखू खाता का, दारू पिता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला साखर किंवा बीपी आहे का, असे प्रश्न विचारून ती सीबॅकचा फॉर्म भरते. एका फॉर्मचे १० रुपये. गुणांची बेरीज चारच्या वर गेली की माणसाला आधी तपासणीला पाठवायचे. उपचार सुरू झालेल्या रुग्णाच्या सहा महिन्यांच्या पाठपुराव्याचे ५० रुपये. गोळ्या उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे.

बीपीचा माणूस महिनाभर गोळी घेतो, बरे वाटते, आणि गोळी सोडतो. अधिकाऱ्याला हे कळते तो पुन्हा आला तर. आशाला कळते ते गिरणीत, लग्नात, दळण आणायला आलेल्या त्याच्या बायकोकडून. मग ती त्या घरी जाते, त्याला चार शब्द सुनावते, आणि तो म्हणतो, "ताई, उपकेंद्रात जायला दिवस मोडतो, मजुरी बुडते. तुमच्या पिशवीत नाही का गोळी?" पिशवीत ओआरएस आहे, पॅरासिटामॉल आहे, लोहाच्या गोळ्या आहेत. त्याची बीपीची गोळी नाही.