पॅनल उन्हात, बॅटरी सावलीत

रायपूरहून दुर्गच्या दिशेने निघालं की खारून नदीपलीकडे कुम्हारी लागतं. मुंबई–हावडा लोहमार्गावरचं छोटं स्टेशन, शेजारून गेलेला राष्ट्रीय महामार्ग ५३, आणि पुढे चरोद्याचं रेल्वे यार्ड ओलांडलं की भिलाईच्या पोलाद कारखान्याचा परिसर. छत्तीसगडात कोळसा आहे आणि कोरब्यासारखी मोठी औष्णिक वीजकेंद्रंही आहेत. भिंतीतल्या सॉकेटमध्ये वीज मिळणं ही इथल्या शहरी माणसाची अडचण राहिलेली नाही. अडचण सुरू होते ती सॉकेटपासून दूर गेल्यावर. तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात दिवस काढणाऱ्यांची, बांधकामाजवळच्या खोपटात राहणाऱ्या मजुरांची, पाड्यापाड्यांवर फिरणाऱ्या मितानिनची ही अडचण आहे. (छत्तीसगडात आशा कार्यकर्तीला ‘मितानिन’ म्हणतात.) मोबाइल या सगळ्यांच्याच खिशात असतो, आणि तो संध्याकाळपर्यंत टिकेल याची खात्री नसते.

अशा वेळी डोळ्यांसमोर येते ती पाठीवर काळी पट्टी असलेली सोलर पॉवर बँक. ‘२०,००० एमएएच, उन्हावर चार्ज होते’ असं खोक्यावर लिहिलेलं असतं. हा दावा विकत घेण्याआधी कागदावर ताडून पाहायला हवा.

भर दुपारी, निरभ्र आकाशाखाली, एक चौरस मीटर जागेवर साधारण १,००० वॅट इतकं ऊन पडतं. चांगलं सिलिकॉन पॅनल त्यातल्या वीस-बावीस टक्क्यांची वीज करतं. पॉवर बँकेवरची पट्टी असते जेमतेम मोबाइलएवढी, म्हणजे १५ सेंटिमीटर लांब आणि साडेसात सेंटिमीटर रुंद. तिच्यातून सगळं जमून आलं तर सव्वादोन वॅट मिळतील. प्रत्यक्षात धूळ, कोन आणि उष्णता धरता दीड वॅट मिळाले तरी चांगलं म्हणायचं. आता बॅटरीकडे पाहू. २०,००० एमएएच ही क्षमता आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलची असते, म्हणजे ७४ वॅट-तास. दीड वॅटने ते भरायला जवळपास पन्नास तास लागतात. दिवसाला पाच तास कडक ऊन धरलं तर दहा दिवस, आणि वाटेतली गळती धरली तर बारा-तेरा. तोवर माणूस प्रवासाहून घरी परतलेला असतो.

त्या पट्टीला निरुपयोगी म्हणता येणार नाही. अडीअडचणीला दिवसभरात एखादा फोन करण्यापुरती वीज ती देईल. पण तिच्या भरवशावर चार दिवस रानात जाणाऱ्याची फसगत ठरलेली आहे, आणि ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही.

दुसरी अडचण याहून गंभीर आहे. कुम्हारी-भिलाईच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर सहज जातो. लिथियमच्या बहुतेक बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत, असं त्या बनवणारेच सांगतात. ही मर्यादा बॅटरीच्या स्वतःच्या तापमानाची असते, आणि उन्हात ठेवलेलं काळं खोकं हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. सोलर पॉवर बँकेची रचनाच अशी की पॅनलला ऊन द्यायचं तर बॅटरीलाही उन्हात भाजावं लागतं. त्यातून बॅटरीचं आयुष्य घटतं, ती फुगते, आणि क्वचित पेटही घेते. मोटारीच्या काचेमागे ती ठेवणं तर सर्वांत वाईट.

उष्णता पॅनललाही मानवत नाही. पॅनलवर लिहिलेले वॅट प्रयोगशाळेत मोजलेले असतात, तेही पॅनलचं तापमान २५ अंश धरून. त्यावर चढणाऱ्या प्रत्येक अंशामागे सिलिकॉन पॅनलची ताकद साधारण ०.३ ते ०.५ टक्क्याने उतरते. मेच्या दुपारी पॅनल ६५ अंशांपर्यंत तापलं, तर पंधरा टक्क्यांच्या आसपास वीज नुसत्या उष्णतेत गेली असं समजावं. कडाक्याच्या उन्हात सर्वाधिक वीज मिळेल हा आपला समज म्हणूनच पुरता खरा नाही. जानेवारीतली थंड, स्वच्छ दुपार पॅनलला अधिक मानवते.

उपाय साधा आहे: पॅनल वेगळं आणि बॅटरी वेगळी. वहीसारखं घडी होणारं, वीस-पंचवीस वॅटचं पॅनल घ्यायचं आणि ते उन्हात उलगडायचं. लांब वायरीने जोडलेली साधी पॉवर बँक मात्र पॅनलच्या मागे, पिशवीत किंवा झाडाच्या सावलीत ठेवायची. अशा पॅनलच्या साध्या यूएसबी तोंडातून ५ व्होल्ट आणि २ अँपिअर, म्हणजे १० वॅट मिळाले, तर पाच तासांत ५० वॅट-तास होतात. १०,००० एमएएचची बँक ३७ वॅट-तासांची असते. गळती धरूनही ती एका चांगल्या दिवसात भरते आणि रात्री त्यातून फोन एकदा पूर्ण भरून वर थोडी शिल्लक राहते.

फोन थेट पॅनलला जोडू नये, यालाही कारण आहे. ढगाचा तुकडा सूर्यावरून गेला की पॅनलचा व्होल्टेज घसरतो आणि फोन चार्जिंग थांबवतो. ऊन परत आलं तरी बरेचसे फोन आपणहून पूर्ण वेगाने सुरू होत नाहीत. वायर काढून पुन्हा लावावी लागते. मालक शेतात कामाला गेलेला असतो आणि संध्याकाळी येऊन पाहतो तर फोन वीस टक्क्यांवरच. पॉवर बँक हा चढउतार बऱ्यापैकी पचवते. सावलीही टाळायला हवी. पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर पडलेली फांदीची सावली त्या कोपऱ्यापुरती न राहता सगळ्या पॅनलचा प्रवाह खाली ओढते.

ऊन, बॅटरी आणि टेलिफोन यांची ही सोयरीक नवी नाही. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने एप्रिल १९५४ मध्ये सिलिकॉनचा पहिला कामाचा सौर सेल जगाला दाखवला, तेव्हा त्याची कार्यक्षमता होती सुमारे ६ टक्के. पुढच्याच वर्षी जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस या गावाजवळ ग्रामीण टेलिफोनच्या तारेवर तो बसवला गेला. दिवसा तो बॅटरी भरायचा आणि रात्री त्या बॅटरीवर टेलिफोन चालायचा. छत्तीसगडातल्याच राजनांदगाव जिल्ह्यात २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेल्या १०० मेगावॉटच्या सौर प्रकल्पात १२० मेगावॉट-तासांची बॅटरी आहे. दुपारची वीज साठवून संध्याकाळी द्यायची, हेच तिचंही काम.

हातात मावणारी सौर वस्तू गावोगाव पोहोचवण्याचा आपल्याकडचा एक मोठा प्रयोग मुंबईच्या पवई तलावाकाठी आकाराला आला. आयआयटी मुंबईतले प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी हे मूळचे मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्याचे. त्यांच्या पुढाकाराने शाळकरी मुलांसाठी सौर अभ्यासदिवा तयार झाला आणि महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान व ओडिशा या ४ राज्यांत मिळून १० लाख दिवे पोहोचले. किंमत सवलतीची होती, पण मुलांकडून काही रक्कम घेतली जाई. फुकटच्या वस्तूची निगा राखली जात नाही, हा त्यामागचा विचार. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने आसाम, बिहार, झारखंड, ओडिशा आणि उत्तर प्रदेशासाठी ७० लाख दिव्यांची योजना मंजूर केली.

या प्रयोगाचा मोठेपणा आकड्यापेक्षा त्याच्या रचनेत होता. दिवे कारखान्यातून बंद खोक्यांत आले नाहीत. सुटे भाग गावाकडे गेले, तिथल्याच बाया-माणसांना सोल्डरिंग आणि जोडणी करायला शिकवलं गेलं, आणि दिवा बिघडला तर त्याच भागात दुरुस्तीची सोय ठेवली गेली. हा मुद्दा चार्जर घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावा असा आहे. घडीच्या पॅनलमध्ये सेल सहसा खराब होत नाहीत. आधी जातं ते यूएसबीचं तोंड, नाहीतर घडीच्या शिवणीत तुटणारी तार. दोन्ही कामं मोबाइल दुरुस्तीच्या कोपऱ्यावरच्या दुकानात थोडक्यात होऊ शकतात, पण चारही बाजूंनी चिकटवून बंद केलेलं यंत्र कारागिराला उघडताच येत नाही. सोळंकी स्वतः नोव्हेंबर २०२० मध्ये सौर बसमधून ‘एनर्जी स्वराज’ यात्रेला निघाले. २०३० पर्यंत घरी परतायचं नाही असा संकल्प त्यांनी तेव्हा केला, आणि ती बसच त्यांचं घर झाली.

बाहेरगावी फोन चालू राहणं ही अनेकांना चैन वाटते. छत्तीसगडाचा अनुभव तिला चैन म्हणू देत नाही. राज्याच्या अक्षय ऊर्जा विकास अभिकरणाने, म्हणजे क्रेडाने, शेकडो प्राथमिक आरोग्य केंद्रांवर सौर संच बसवले. दिल्लीच्या सीईईडब्ल्यू या संस्थेने त्यांचा अभ्यास करून २०१७ मध्ये अहवाल दिला. विजेची चणचण असलेल्या भागांत, सौर संच असलेल्या केंद्रांत महिन्याला जवळपास दुप्पट बाळंतपणं होत होती आणि बाह्यरुग्णही निम्म्याने अधिक येत होते. हे संच छपरावरचे. पण हीच गोष्ट उचलून नेता येईल अशीही केली गेली आहे. २००८ मध्ये नायजेरियात गेलेल्या लॉरा स्टॅकेल या अमेरिकी प्रसूतितज्ज्ञ तिथल्या रुग्णालयातला अंधार पाहून हादरल्या. त्यांच्या पतीने दिवे, बॅटरी आणि मोबाइल चार्जिंगची सोय असलेली ‘सोलर सूटकेस’ तयार केली. पुढे ती अनेक देशांतल्या प्रसूतिगृहांत पोहोचली.

मराठी माणसाच्या दोन मोठ्या पायवाटांवर या यंत्राची परीक्षा अगदी वेगवेगळी होते. आषाढीची वारी चालते ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. दाट ढगांत पॅनलची वीज दहा-वीस टक्क्यांवर येऊ शकते, त्यामुळे आळंदी किंवा देहूहून निघणाऱ्याने पॅनलचं ओझं न घेता दोन भरलेल्या पॉवर बँका घेतलेल्या बऱ्या. नर्मदा परिक्रमेचं मात्र वेगळं. ती चातुर्मास संपल्यावर सुरू होते, आकाश स्वच्छ असतं, हवा थंड असते आणि मुक्काम महिनोन्‌महिने चालतात. घडीचं पॅनल खरं शोभतं ते इथे. नर्मदा उजव्या हाताला ठेवून चालायचं असल्याने दक्षिण तटावर तोंड सहसा पश्चिमेकडे असतं. पाठपिशवीवरच्या पॅनलला तिथे सकाळचं ऊन मिळतं. समुद्र ओलांडून उत्तर तटाने अमरकंटककडे वळलं की तोंड पूर्वेकडे होतं आणि पाठीवर ऊन येतं ते दुपारनंतर. तरी चालताना मिळणारी वीज तोकडीच. दुपारच्या विसाव्यात पॅनल दक्षिणेकडे कलतं ठेवलं तर तास-दोन तासांत त्याहून जास्त हाती लागतं. या अक्षांशावर डिसेंबरमध्ये सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून ४५ अंशांच्या आसपासच असतो, म्हणून पॅनलही तितकंच उभं करावं. मेच्या अखेरच्या आठवड्यात कुम्हारीत तो थेट डोक्यावर येतो. तेव्हा पॅनल जमिनीवर आडवं पसरलेलंच बरं, फक्त खालून हवा खेळायला हवी.

खरेदी करताना वॅटच्या आकड्याआधी पॅनलचं क्षेत्रफळ पाहावं. ए-फोर कागदाएवढ्या पॅनलमधून बारा-तेरा वॅटपेक्षा जास्तीचा दावा असेल तर तो सोडून द्यावा. पॉवर बँकेवर बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ लिहिलेली असते. फोनला प्रत्यक्षात मिळणारी क्षमता तीच, आणि ती मोठ्या आकड्याहून बरीच कमी असते. भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह नसलेली बँक घेऊ नये. रायपूरहून विमानाने जायचं तर बँक हातातल्या सामानातच न्यावी लागते, आणि विशेष परवानगीशिवाय १०० वॅट-तासांपर्यंतचीच चालते. ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ती होते २७,००० एमएएच.

बँक फुगलेली दिसली तर ती पुन्हा चार्जिंगला लावू नये, दाबू किंवा टोचू नये आणि घंटागाडीत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विकत घेतानाच दुकानदाराला विचारून ठेवावं, की जुनी बॅटरी परत कुठे द्यायची.