लेकराचा खोकला : घरात काय करावं, घराबाहेर कधी पडावं

दिवाळीच्या आगेमागे श्रीगोंदा तालुक्यात नागवडे आणि कुकडी साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात, खोडव्यात पाचट पेटतं, पहाटे गारठा आणि दिवसभर फुफाटा असतो. लहान मुलांच्या खोकल्याचे दिवसही हेच. वस्तीवरच्या घरात आजीचा काढा उकळायला लागतो, बाप मेडिकलमधून लाल बाटली घेऊन येतो आणि रात्री दोन वाजता लेकरू खोकून खोकून दूध ओकलं की घर घाबरून जातं. त्या घरांसाठी हे लिहितो आहे.

खोकला येतो कशाला

बहुतेक वेळा मूळ साध्या सर्दीत असतं. विषाणू नाक-घशात शिरतात, शेंबूड वाढतो, मूल आडवं झालं की तो घशात उतरतो. म्हणून दिवसा खेळणारं मूल रात्री खोकतं. खोकल्यावाटे शरीर श्वासाची वाट मोकळी करत असतं. लहान मुलाला बेडका थुंकता येत नाही, ते तो गिळतं आणि मग उलटीतून चिकट कफ पडतो. एखादी अशी उलटी झाली आणि मूल नंतर शांत झोपलं, तर घाबरू नये.

सर्दीचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, त्यामुळे 'पॉवरफुल गोळी द्या' असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नये.

मध : एक वर्षाच्या पुढे

घरच्या उपायांत सर्वांत भक्कम आधार मधाला आहे. एक वर्षावरच्या मुलाला झोपण्याआधी अर्धा ते एक चमचा मध दिला, तर रात्रीचा खोकला थोडा हलका होतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. कोमट पाण्यातून द्या किंवा नुसता चाटवा. आल्याच्या रसाचे दोन थेंब चालतील, पण मिरपूड-सुंठ घालून तो जहाल करू नका. आग झालेल्या घशाला आणखी तिखट कशाला?

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मधाचं बोटसुद्धा नको. आपल्याकडे जन्मल्या जन्मल्या मध चाटवायची चाल आहे, बाळघुटीही मधात उगाळतात. प्रेमाने चालत आलेली ही रीत आहे, तरी ती सोडायलाच हवी. मधात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. आधी शी अडते, मग बाळ नीट ओढून पीत नाही, रडणं क्षीण होतं, मान आणि हातपाय ढिले पडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायूही थकतात. मध घरच्या पोळ्याचा असो वा दुकानातला, गरम करून हे बीजाणू मरत नाहीत.

काढा, हळद आणि बाकीचं

तुळस, गवती चहा, ज्येष्ठमध यांचं कोमट पाणी मोठ्या मुलाच्या घशाला आराम देतं. बराचसा गुण त्यातल्या ऊन पाण्याचा. हळदीचं दूध आवडत असेल तर जरूर द्या. दुधाने कफ वाढतो या समजाने दूध तोडतात, केळं आणि दही बंद करतात. आजारी मुलाचं खाणं तोडणं मला सर्वांत जास्त खुपतं, कारण त्याच दिवसांत त्याला ताकद हवी असते. भूक मंदावलेली असते, म्हणून थोडं थोडं पण वरचेवर भरवा. अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध हेच औषध. नाक चोंदलं की त्याला ओढता येत नाही, तेव्हा पाजण्याआधी मेडिकलमधले मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात सोडा.

चुलीच्या धुराचाही विचार करावा लागतो. बीड-पाथर्डीकडून आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांत चूल आणि लेकराची झोळी यांत दोन हातांचंही अंतर नसतं. चूल वारा जातो त्या दिशेला बाहेर मांडली, झोळी दुसऱ्या बाजूला टांगली आणि कोपीत कुणी विडी ओढली नाही, तर पुष्कळ फरक पडतो.

हे मात्र करू नका

ओवा-लसणाची धुरी हा शेवटी धूरच. गरम पाण्याच्या पातेल्यावर मुलाला वाकवून वाफ देताना पातेलं उलटून भाजल्याच्या घटना दवाखान्यांना नव्या नाहीत, आणि त्या वाफेचा फायदा फारसा होत नाही. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात, म्हणून कापराच्या तेलाने बाळाची छाती चोळू नये. चोळायचं बाम दोन वर्षांच्या आत वापरू नये. नाकात कोमट तेल सोडलं की ते फुप्फुसात उतरून तिथे सूज आणतं. ब्रँडीचा चमचा देणाऱ्या माणसांना वाटतं की बाळाला ऊब मिळते. खरं तर दारूने बाळाची साखर घसरते आणि श्वास मंदावतो.

श्वासाने पोट उडायला लागलं की बिब्ब्याचे चटके द्यायचे किंवा तापल्या लोखंडाने डागायचं, हे अजून काही ठिकाणी चालतं. 'डबा (न्यूमोनिया) झालाय' म्हणून पोटावर डागलेलं बाळ दवाखान्यात येतं, तेव्हा न्यूमोनियाच्या जोडीला भाजल्याची जखमही असते आणि मधले दोन दिवस वाया गेलेले असतात.

बाटलीतलं औषध

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात, मुख्यतः छिंदवाडा जिल्ह्यात, 'कोल्ड्रिफ' नावाचं खोकल्याचं सिरप घेतलेली वीसहून अधिक मुलं दगावली. त्यांतल्या अनेकांवर उपचार नागपुरात चालले होते. मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली होती, लघवी बंद झाली होती. तमिळनाडूत बनलेल्या त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचं द्रव्य ४८.६ टक्के सापडलं. औषधात त्याची मर्यादा ०.१ टक्का असते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही भेसळ सापडलेल्या तुकडीचं सिरप वापरू नये असं जाहीर केलं. हेच विष १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून गेलं होतं. तेव्हा १४ रुग्ण गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला गेला.

भेसळ रोज होत नाही. पण भेसळ नसलेलं सिरपही लहान मुलाच्या खोकल्यावर फारसं चालत नाही. त्याने झोप येते, आणि श्वासाला लागलेल्या मुलाला गुंगी येणं घातक. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांच्या आत ती साधारणपणे टाळावीत. थोरल्याची उरलेली बाटली धाकट्याला पाजू नका. डॉक्टरांनी औषध दिलंच तर माप घरच्या चमच्याने न घेता बाटलीबरोबरच्या मापाने घ्या.

मिनिटभर श्वास मोजा

खोकल्याच्या आवाजावरून आजार किती खोल आहे ते कळत नाही. घसा फाडून खोकणारं मूल बरं असू शकतं आणि न्यूमोनिया झालेलं मूल जेमतेम खोकतं. खरी गोष्ट श्वास सांगतो, आणि तो घरात मोजता येतो.

मूल झोपलेलं किंवा शांत असताना झबलं छातीपर्यंत वर करा. अंगावर पीत असेल किंवा रडत असेल तर थांबा. मोबाइलवर मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. वर-खाली मिळून एक श्वास. पूर्ण साठ सेकंद मोजायचं, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास भरले, तर ते धोक्याचं लक्षण. त्याच वेळी बरगड्यांच्या खालचा भाग पाहा. श्वास घेताना छाती फुगण्याऐवजी तिथे खड्डा पडत असेल, तर आकडा काहीही असो, निघा.

हे खेड्यात जमतं हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दाखवून दिलं. पुढे मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी त्यांनी मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं साधं यंत्र केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. गावातल्या माणसांनीच निदान करून औषध दिल्यावर न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू लक्षणीय घटले. तो अभ्यास १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० च्या दशकापासून अल्पशिक्षित बायकांना गावच्या आरोग्यसेविका म्हणून घडवलं होतं.

केव्हा निघायचं

श्वास वरच्या आकड्यांएवढा किंवा जास्त झाला, बरगड्या ओढल्या, ओठ किंवा जीभ निळसर झाली, पिणं सुटलं, मूल सुस्त पडलं, झटके आले किंवा शांत असतानाही श्वास घेताना घर्र आवाज आला, तर काढा बाजूला ठेवून १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र अथवा श्रीगोंद्याचं ग्रामीण रुग्णालय गाठा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल किंवा अंग गार पडत असेल, तर सकाळची वाट पाहू नका.

खळ्यावर खेळणारं धडधाकट मूल अचानक ठसकलं आणि मग खोकतच राहिलं, तर शेंगदाणा किंवा हरभरा श्वासनलिकेत गेल्याचा संशय धरा. थोड्या वेळाने खोकला शांत झाला तरी दाखवाच, दाणा आत अडकून फुप्फुसाचा एक भाग बंद होतो. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा शेंगदाणा देऊ नये.

खोकल्याची उबळ संपताना लांब 'हूप' असा आवाज येत असेल तर डांग्या खोकला असू शकतो. पेंटाव्हॅलंट लशीचे तीन डोस आणि पुढचे बूस्टर त्याच्यासाठी असतात. खोकला साध्या सर्दीचा वाटला तरी दोन आठवड्यांवर गेला, वजन घटलं किंवा घरात कुणाला क्षयरोग असेल, तर क्षयाची तपासणी करून घ्या.

निघताना बाळाला आडवं न टाकता खांद्याशी उभं धरा आणि पीत असेल तर वाटेतही पाजत राहा. दिलेल्या औषधाची बाटली, मोजलेला श्वासाचा आकडा कागदावर आणि लसीकरणाचं कार्ड बरोबर घ्या. मध, काढा, ब्रँडी, जे काही दिलं असेल ते डॉक्टरांना न लाजता सांगा.