चूल गेली नाही, मागच्या पडवीत गेली! जुन्नर-आंबेगावच्या स्वयंपाकघरात कोणती नवी वस्तू टिकते?

मोबाईलवर रील सुरू होते. दोरी ओढली की कांदा बारीक. काचेवर बोट टेकवलं की शेगडी सुरू. नुसता हात हलवला की भिंतीवरची चिमणी घरघरायला लागते. खाली लिंक असते आणि 'ऑफर आजच संपतेय' असंही लिहिलेलं असतं. नारायणगाव असो की मंचर, असली वस्तू आता घरपोच येते. प्रश्न त्यानंतरचा आहे. सहा महिन्यांनी ती ओट्यावर दिसणार की माळ्यावर?

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत या प्रश्नाचं उत्तर शोधणं सोपं जातं, कारण इथे काही मैलांच्या अंतरावर दोन वेगळी स्वयंपाकघरं आहेत. पूर्वेला कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस, कांदा, टोमॅटो, गोठ्यात संकरित गाई, स्लॅबचं घर आणि त्यात ट्रॉल्या बसवलेला ओटा. पश्चिमेला भीमाशंकर आणि नाणेघाटाच्या अंगाला धो धो पाऊस, भातखाचरं, हिरड्याची झाडं आणि पावसाळ्याआधी साठवून ठेवलेला सरपणाचा ढीग. दोन्हीकडे गॅस पोहोचलाय. आणि दोन्हीकडे अनेक घरांत चूलही आहे.

वैल : आपल्याकडचं सगळ्यात जुनं गॅजेट

चुलीला मागास म्हणण्याआधी तिची रचना बघा. मुख्य चुलीच्या शेजारी एक छोटं तोंड असतं, त्याला वैल म्हणतात. त्यात वेगळं लाकूड घालायचं नसतं. मुख्य चुलीतला जाळ आणि गरम वायू आतल्या भोकातून वैलाकडे जातात आणि तिथे ठेवलेलं कालवण मंद आचेवर रटरटत राहतं. वाया जाणाऱ्या उष्णतेवर दुसरं भांडं शिजवायचं, हे आजच्या भाषेत 'एनर्जी सेव्हिंग' झालं.

दुसरी गोष्ट भाकरीची. बाजरीची भाकरी तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजली की शेवटी ती चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी करतात. आतल्या पाण्याची वाफ होते, पापुद्रा सुटतो, भाकरी टम्म फुगते. गॅसवर हेच काम थेट ज्योतीवर होतं. इंडक्शनवर मात्र ज्योतच नाही. तिथे फडक्याने दाबून तव्यावरच फुगवावी लागते, आणि ज्या घरात रोज पंधरा-वीस भाकऱ्या थापल्या जातात तिथे हा उद्योग कुणी फार दिवस करत नाही. नव्या शेगडीची परीक्षा इथे चहावर होत नाही, भाकरीवर होते.

मग चूल बदलायची कशाला?

धुरामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या इंधनाच्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. पुण्यातले श्वसनविकार संशोधक डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लेख लिहिला होता. आयुष्यात विडी-सिगारेट न ओढलेल्यांनाही सीओपीडी हा फुफ्फुसांचा आजार का होतो, हा त्याचा विषय. आणि त्यातलं एक मोठं कारण होतं लाकूड, शेणी आणि काडीकचऱ्याचा धूर.

यात घराच्या बांधणीचाही वाटा आहे, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. कौलारू घरात धुराला कौलांच्या फटी होत्या, काही घरांत खास धुराडं होतं. शिवाय तो धूर वरच्या लाकडांना कीड लागू देत नसे. स्लॅब पडला आणि या फटी बुजल्या. तीच चूल, तेवढंच सरपण, पण धूर आता खोलीतच. म्हणून मग पुष्कळ घरांत चूल मागच्या पडवीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये गेली. पुढे पाहुण्यांना दाखवायचं किचन, मागे भाकरी आणि आंघोळीच्या पाण्याचं किचन. गंमत वाटते, पण धुराच्या दृष्टीने हा बदल कुठल्याही गॅजेटपेक्षा मोठा आहे, आणि तो कुठल्या कंपनीने विकलेला नाही.

निर्धूर चुलीचं काय झालं?

केंद्र सरकारने १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तो २००२ पर्यंत चालला. महाराष्ट्रात या कामात पुण्याची 'आरती' ही संस्था होती. तिचं पूर्ण नाव अॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, स्थापना १९९६ ची, संस्थापक वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे. संस्थेची 'लक्ष्मी' ही चूल सिमेंटची, दोन भांड्यांची आणि धुराडं असलेली. म्हणजे वैलाचीच पुढची आवृत्ती.

अशा चुली कागदावर उत्तम चालतात, घरात मात्र अनेकदा फसतात. कारणं साधी आहेत. धुराड्यात काजळी साचते आणि ती महिन्या-दोन महिन्यांनी काढावी लागते. लाकूड बारीक फोडून घालावं लागतं. दुसऱ्या तोंडावर भांडं नसेल तर धूर तिथूनच खोलीत येतो. एस्थर डुफ्लो (२०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या), मायकल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना यांनी ओडिशात सुमारे २,६०० कुटुंबांचा चार वर्षं अभ्यास केला. पहिल्या वर्षी लोकांच्या श्वासातला धूर कमी झाला, पुढे तो फरक नाहीसा झाला. चुली मोडल्या, दुरुस्त झाल्या नाहीत, वापर घटला. घरातल्या कोणत्याही नव्या यंत्राला हे लागू पडतं. ते साफ कोण करणार आणि बिघडलं तर गावात दुरुस्त कोण करणार, हे आधी विचारावं.

इंडक्शन स्वस्त पडतं का? हिशेब करून बघा

इंडक्शनच्या काचेखाली तांब्याचं वेटोळं असतं. त्यातून वेगाने दिशा बदलणारी वीज गेली की बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते थेट भांड्याच्या बुडात वीजप्रवाह निर्माण करतं. भांडंच तापतं, काच नाही. त्यामुळे बुडाला चुंबक चिकटला पाहिजे. बिडाचा किंवा लोखंडी सपाट तवा चालेल. ॲल्युमिनियमची कढई, पितळी पातेलं किंवा सध्या फोटोत छान दिसणारा मातीचा तवा नुसता ठेवून तापणार नाही.

आता पैसे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्यातली ऊर्जा विजेच्या भाषेत सुमारे १८० युनिट. चांगल्या शेगडीवर त्यातली साधारण दोन तृतीयांश भांड्यात उतरते, बाकी बाजूने हवेत जाते. इंडक्शनवर जवळपास ८५ टक्के उतरते. म्हणजे एका सिलिंडरचं काम करायला इंडक्शनला ढोबळमानाने १४० ते १४५ युनिट लागतात. आपल्या वीजबिलावरचा दर या आकड्याने गुणा आणि सिलिंडरच्या किमतीशेजारी ठेवा.

यात एक खाच आहे. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांच्या वर दर एकदम चढतो. ज्या घराचं बिल आज ८०-९० युनिटांत बसतं, तिथे इंडक्शनची बहुतेक सगळी युनिटं महागड्या टप्प्यात पडतील. छतावर सोलर असेल तर गणित पुरतं उलटतं.

आणि वायरिंग? २,००० वॅटची शेगडी जवळपास ९ अँपिअर ओढते. मोबाईल चार्जरच्या छोट्या सॉकेटला ती लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. स्वतंत्र १६ अँपिअरचं सॉकेट आणि नीट अर्थिंग हवंच. शिवारात मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली येतं आणि शेगडी 'टीं' करून बंद पडते, तो तिचा दोष नसतो.

चिमणीवरचा मोठा आकडा

चिमणीच्या जाहिरातीत '१,२०० घनमीटर प्रति तास' असं ठळक लिहिलेलं असतं. १० बाय ८ फुटांची आणि १० फूट उंचीची खोली घेतली तर तिच्यात सुमारे २३ घनमीटर हवा मावते. तासाला दहा वेळा हवा बदलायची म्हटलं तरी २३० घनमीटर पुरतात. मिरचीच्या फोडणीला जास्त लागेल हे खरं, पण १,२०० चा आकडा नळी न जोडता मोजलेला असू शकतो. नळी लांब असेल, तीन ठिकाणी वळली असेल, तर तो बराच खाली येतो. म्हणून आकड्यापेक्षा नळीचा रस्ता बघावा: जवळच्या बाहेरच्या भिंतीतून, शक्यतो एकाच वळणात.

नळीच नसलेली, कोळशाच्या फिल्टरची चिमणी हवा गाळून परत त्याच खोलीत सोडते. वास थोडा कमी होतो. ओलावा आणि उष्णता तिथेच राहते. चुलीच्या धुरावर तर ती लावूच नये. त्यापेक्षा समोरासमोर खिडकी आणि ८०० रुपयांच्या आसपास मिळणारा साधा एक्झॉस्ट पंखा बरा.

पाटा हरला, पण पूर्ण नाही

मिक्सरने मात्र पाट्याला खरोखर हटवलं. यामागे मराठी घरांना ओळखीचं नाव आहे, सुमीत. परदेशी मिक्सरची मोटर आपल्या ओल्या-घट्ट वाटणापुढे टिकेना, म्हणून मुंबईत सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने १९६० च्या दशकात दणकट मोटरचा मिक्सर बनवला. आपल्या स्वयंपाकासाठी घडवलेली वस्तू टिकते, याचं हे नमुनेदार उदाहरण.

तरी मासवडीचा बेत असला की या भागातल्या काही घरांत पाटा धुऊन पुढे येतो. मिक्सरचं पातं मिनिटाला हजारो फेरे घेत कापतं, आणि वाटण तापतं. पाटा-वरवंटा चिरडतो. भाजलेलं खोबरं, तीळ, लसूण चिरडले की तेल सुटतं आणि सारण आपोआप बांधलं जातं. रोज नको, पण सणाला परवडतं. दोरीचा चॉपर? दोन कांद्यांना ठीक. दोरी तुटली की संपला. विळी बरी.

रीलमध्ये न दिसणाऱ्या दोन वस्तू

पहिली 'सराई कुकर'. हीसुद्धा आरती संस्थेची. स्टीलच्या उभ्या डब्यात एकावर एक भांडी, तळाशी छोटी कोळशाची शेगडी. सुमारे १०० ग्रॅम कोळशावर चार-पाच जणांचा वरण-भात-भाजी वाफेवर शिजते. पेटवून ठेवलं की शेजारी उभं राहावं लागत नाही. हा कोळसा उसाच्या पाचटापासून बनवता येतो, आणि त्या तंत्रासाठी संस्थेला २००२ चा ॲशडेन पुरस्कार मिळाला. विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन साखर कारखान्यांच्या परिसरात पाचटाला तोटा नाही. मात्र कोळसा पेटवायचा तो उघड्या हवेत. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो.

दुसरी गोष्ट गोबर गॅस, आणि पूर्व भागातल्या गोठेवाल्यांसाठी ही सगळ्यात फायद्याची. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच गाई. एक घनमीटर गोबर गॅस ०.४३ किलो एलपीजीचं काम करतो. महिन्याचा हिशेब केला तर जवळपास २६ किलो, पावणेदोन सिलिंडरांहून थोडा जास्तच. वर शेतीला स्लरी मिळते. थंडीत गॅस कमी पडतो, कारण शेण कुजवणारे जिवाणू गारठ्यात सुस्तावतात. तेव्हा सिलिंडर जोडीला ठेवावा लागतो. गाई नसतील तर उरलं-सुरलं अन्न आणि खराब धान्यावर चालणारं छोटं संयंत्रही आरतीने बनवलं, त्याला २००६ मध्ये दुसरा ॲशडेन मिळाला.

राहता राहिला बंब. शहरातल्या कॅफेत आणि फार्महाऊसवर तो हल्ली घासूनपुसून, आत दिवा लावून शोभेला ठेवतात. खरं तर ते हुशार यंत्र आहे. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, खाली राखेची जाळी. जाळाला सगळीकडून पाणी वेढून असल्याने भुसकट-बुरकुंडांवरही पाणी लवकर तापतं. आता छतावर सोलर हीटर आलेत आणि आठ महिने ते चोख काम करतात. पण डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला जून ते सप्टेंबर ऊन दिसतच नाही. त्या चार महिन्यांत पडवीतला बंब पुन्हा पेटतो.